बारकी कोणती?

एप्रिल संपत आला की आमच्या गल्लीतली पोरं अचानक उंच दिसायला लागतात. परीक्षा झालेल्या असतात, दप्तरं माळ्यावर गेलेली असतात, आणि दुपारी दोनच्या उन्हात, जेव्हा कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला जाऊन पडतात, तेव्हा ही मंडळी सायकली फिरवत असतात. यंदा माझी नात चौथीतून पाचवीत गेली. निकाल हातात पडायच्या आतच तिनं जाहीर केलं, "आजी, या सुट्टीत गाडीनं लांब जायचं. आणि मला मासे बघायचेत. मोठ्ठे, काचेतले." तिच्या बापानं लगेच मोबाईलवर रस्ता काढला. समृद्धीवरून निघायचं, मध्ये एकदाच थांबायचं, जेवायला मुंबईत. मी पंख्याखाली चिंचा फोडत बसले होते. हातातली चिंच तशीच राहिली.

गाडी, मुलं आणि मासे. हे तीन शब्द एकत्र आले की माझा गोंधळ सुरू होतो. पन्नासेक वर्षं होत आली, तरी तो उन्हाळा मला नीट लावता येत नाही. कपाट आवरायला घ्यावं आणि सगळे कपडे पलंगावर काढून मध्येच बसून राहावं, तसं माझं होतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही तीन भावंडं आईअण्णांबरोबर जीपमधून मुंबईला गेलो, मत्स्यालय पाहिलं आणि परत आलो. एवढंच सांगितलं तर ती सहल वाटते. आम्हालाही तेव्हा तेवढंच सांगितलं होतं. खरं तर आमच्यातल्या एका मुलीला तिकडंच ठेवून यायचं ठरलं होतं.

आमच्या भागात धाकट्या लेकराला बारकं म्हणतात. बारका, बारकी. त्याचा अंगकाठीशी काही संबंध नाही. माझी धाकटी बहीण शालू तेव्हा पाच वर्षांची होती आणि चांगली गुबगुबीत होती. कडेवर घेतली की घेणाऱ्याचा खांदा भरून यायचा. तरी ती बारकी. आज ती स्वतः दोन नातवंडांची आजी आहे, दारातून आधी आपलं पोट येतं आणि मग आपण येतो असं तीच सांगते, आणि माझ्या मोबाईलमध्ये तिचा नंबर अजून 'बारकी' याच नावानं आहे. दादा थोरला, मी मधली. मी मात्र अगदी काडी होते. शाळेत बाई म्हणायच्या, वारं सुटलं की हिला धरून ठेवा. पण मला कुणी बारकी म्हणत नसे, कारण ती जागा घरात भरलेली होती.

अण्णांचे धाकटे भाऊ मुंबईला छापखान्यात होते. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं. माझ्या आजीनं शेवटच्या आजारात अण्णांचा हात धरून म्हटलं होतं, "त्याचं घर रिकामं ठिवू नको." अण्णांनी हो म्हटलं. अण्णा हो म्हणाले म्हणजे घर हो म्हणालं. आईला विचारलं होतं का, हे मी मोठी झाल्यावर तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं व्हतं."

अण्णांचं शिक्षण उर्दूतलं. मॅट्रिकच्या तोंडावर असताना पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य आणि कचेऱ्यांतली उर्दू गेली, आणि त्यांना मराठी लिहिणं नव्यानं शिकावं लागलं. बोलायला घरची मराठी होतीच, लिहायला मात्र त्यांचा जीव जायचा. म्हणून ते पत्र बोलल्यासारखंच लिहीत, आणि फार थोडक्यात. काकांना त्यांनी लिहिलं, 'उन्हाळ्यात येतो. बारकीला घेऊन येतो. बाकी खैरियत.' मूल द्यायचा विषय पत्रात काढायचा नाही असं दोघा भावांचं आधीच ठरलं होतं, कारण आलेलं-गेलेलं टपाल दादा वाचायचा. त्या एका शब्दावर सगळा कारभार चालला होता.

काकांनी ते पत्र काकूला वाचून दाखवलं. काकू मुंबईचीच, जन्मापासूनची. आमच्या घरी ती लग्नानंतर एकदाच येऊन गेली होती, तेव्हा मी रांगत होते आणि बारकी जन्मायची होती. तिच्याकडं आमचा एक फोटो होता. फोटोत तीन मुलं: एक मुलगा, एक गोबरी मुलगी आणि एक बारीक मुलगी. बारकी कोणती, हे तिला कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. तिनं कपाटातून कापड काढलं आणि शिवायला घेतलं.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मला माहीत होती ती फक्त पाचोडच्या मामाची मागून आणलेली जीप. तिच्या पुढच्या बाजूला पाण्याची कॅनव्हासची छागल लटकत होती आणि खड्डा आला की हिंदकळत होती. जीपचा पत्रा असा तापला होता की मांडीला लागला की आम्ही ओरडायचो. वैजापूर गेलं, येवला गेलं. झळा तोंडावर यायच्या. आई फडक्यात बांधलेले धपाटे काढायची, वर शेंगदाण्याची चटणी, आणि चटणीबरोबर रस्त्याची धूळही खाल्ली जायची. दादा प्रत्येक दगडावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, अण्णा दर वेळी "हां" म्हणायचे. अण्णा गाडी चालवताना खूप गंभीर दिसत. मला वाटे, जीप चालवणं अवघड असतं म्हणून.

त्या प्रवासात मला एकच गोष्ट खुपत होती. आईनं बारकीला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. एवढ्या उन्हात, एवढं जड लेकरू, घामानं दोघींची पाठ-पोट ओली, तरी नाही. दादा म्हणाला, "दे माझ्याकडं." तर म्हणाली, "असू दे." धपाट्याचा मऊ मधला भाग तोडून तिला, कडा आम्हाला. नाशिकला नळावर थांबलो तेव्हा आईनं तिचे केस सोडून पुन्हा विंचरले, पुन्हा वेणी घातली. सकाळीच घातली होती. मी म्हटलं, "माझी पण घाल." आई म्हणाली, "तुझी चांगली हाय की." मी रुसले आणि घाट येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. घाटात ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकताना दिसल्या आणि मी रुसले आहे हे विसरून गेले.

आणखी एक. जीपच्या मागं आमची एक वळकटी होती, आणि बारकीची वेगळी पत्र्याची पेटी होती. मी ती उघडून बघितली होती. तिचे सगळे कपडे होते, अगदी लोकरीचं स्वेटरसुद्धा. मे महिन्यात. मी आईला म्हटलं, "आई, स्वेटर कशाला?" आईनं पेटीचं झाकण लावलं आणि माझ्या हातात केळं दिलं.

मुंबईत पोचलो तेव्हा काकू जिन्यातच उभी होती. तिनं आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं, माझ्यापाशी थांबली आणि तिचे डोळे भरून आले. माझ्यापाशी! आजवर कुणाचे डोळे मला पाहून भरून आले नव्हते. आत गेल्यावर तिनं पलंगावरून एक फ्रॉक उचलला. फिकट निळा, गळ्याला पांढरी पट्टी, मागं बांधायला नाडी. माझ्या अंगात घातला तर खांदे बरोबर, कंबर बरोबर. "बघा, अंदाजानं शिवला हो," ती काकांना म्हणाली, "आणि अगदी मापाचा!" काका हसले. पुरुषांना फ्रॉकचं माप कळत नाही, त्यांना एवढंच दिसलं की बायको आनंदात आहे. बारकीनं मात्र भोकाड पसरलं. काकूनं तिला खाऊ दिला आणि म्हणाली, "तुला पुढच्या वेळी हं."

मी आईकडं बघितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, किती छान दिसतोय. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचं तोंड असं झालं होतं की हसावं की काय करावं ते तिलाच कळत नसावं.

आता इथं वाचणाऱ्याला वाटेल, मग सांगून टाकायचं ना कुणीतरी. पण अण्णा काकूशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं सरळ बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही हवं असलं तर ते भिंतीकडं बघून म्हणायचे, "जरा पाणी मिळंल का," आणि काकू पाणी आणून ठेवायची. काकू अण्णांसमोर डोक्यावरून पदर घेऊन बाजूला बसायची. काका सकाळी कामावर. मुलांसमोर विषय काढायचा नाही, आणि त्या खोलीत मुलांशिवाय जागाच नव्हती. फ्रॉकचा अर्थ अण्णांनी असा लावला की काकूनं मोठीचा आधी मान केला. राहिली आई. आईला पहिल्याच संध्याकाळी सगळं कळलं होतं. ती काही बोलली नाही. दोन दिवस.

त्या दोन दिवसांत मी राणी होते. काकू माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायची. तुला कोणती भाजी आवडते, तुला गणित जमतं का, खिडकीजवळ झोपायला आवडेल का. आमच्या घरी आवडीनिवडी विचारायची पद्धत नव्हती. ताटात पडेल ते जेवायचं. मला कोणती भाजी आवडते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ठरवलं. भेंडी म्हटलं. संध्याकाळी भेंडी झाली. मला इतकं नवल वाटलं की मी ती नीट खाल्लीही नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. काकांना सुट्टी होती. आम्ही सगळे समुद्रावरच्या मत्स्यालयात गेलो.

बाहेर पांढरं ऊन, आणि आत शिरताच अंधार. भिंतीत काचा बसवलेल्या आणि प्रत्येक काचेमागं हिरवट उजेड. ओल्या खडूसारखा, मिठासारखा वास. आमच्या खाम नदीत आम्ही बोटाएवढे मासे बघितले होते. पैठणला धरणाच्या काठी विकायला ठेवलेले मोठे मासे बघितले होते, पण ते टोपल्यात, डोळे उघडे ठेवून पडलेले. हलणारा मोठा मासा मी पहिल्यांदा बघत होते. एक चपटा, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा मासा काचेजवळ यायचा, थांबायचा, आणि काही न घडल्यासारखा वळून जायचा. दादा पाट्या वाचत पुढं गेला. अण्णा आणि काका कासवापाशी थांबले. आई बारकीला कडेवर घेऊन माझ्या पाठीमागं कुठंतरी होती. काकूनं माझा हात धरला होता. तिचा हात गार आणि मऊ होता.

ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "आवडलं?"

मी म्हटलं, "हो."

"मग आपण दर रविवारी येऊ. तू आणि मी."

"दर रविवारी कसं?" मी म्हटलं, "आम्ही तर परवा जाणार."

ती आणखी वाकली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "ते जातील. तू राहशील ना माझ्याकडे?"

आणि मी म्हटलं, "हो."

मी नऊ वर्षांची होते. अंगात निळा फ्रॉक होता, समोर मासा होता, पोटात आदल्या दिवशीची भेंडी होती. पण लहान होते म्हणून काही कळलं नाही, असं मला म्हणता येत नाही. राहायचं म्हणजे काय हे मला कळत होतं. आई जाणार आणि मी राहणार, हे कळत होतं. तरी मी हो म्हटलं, आणि म्हणताना मला वाईट वाटलं नाही. त्याची लाज मला पुढं आयुष्यभर वाटली. कधी कधी वाटतं, मी आईवर सूड घेतला, त्या वेणीचा. कधी वाटतं, तेवढं नव्हतं, विचारलं म्हणून हो म्हटलं, एवढंच. यातलं खरं कोणतं हे मला आजही सांगता येत नाही.

काकू आनंदानं मागं वळली आणि काकांना जवळ बोलावून हळूच म्हणाली, "अहो, ऐकलंत का? हो म्हणाली!" काकांनी बघितलं, काकूच्या हातात माझा हात. ते म्हणाले, "हिला काय विचारतेस? बारकी ती." आणि त्यांनी आईच्या कडेवर बोट दाखवलं.

"बारकी हीच ना?" काकू म्हणाली. "ही बारीक."

"अगं, आमच्याकडे बारकी म्हणजे धाकटी!"

माणसं आमच्या अंगावरून पुढं जात होती, पोरं काचांवर टकटक करत होती. काकूनं एकदा बारकीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तिनं माझा हात सोडला नाही. ती म्हणाली, "पण मी सहा महिने हिच्याशीच बोलतेय मनात." तिच्या आवाजानं मला भीती वाटली.

तेव्हा अण्णा पुढं आले आणि आयुष्यात पहिल्यांदा काकूशी थेट बोलले. त्यांना मदतच करायची होती, अडचण सोडवायची होती. ते तसेच होते. म्हणाले, "बाई, त्यात काय एवढं. ही घ्या नायतर ती घ्या. दोघी आपल्याच हायत."

"कुठलीबी?" आई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण अण्णा चमकले. आईनं बारकीला कडेवरून खाली ठेवलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं माझं मनगट काकूच्या हातातून सोडवून घेतलं.

"कुठलीबी म्हंजे? माळव्याच्या पाटीतली वांगी हायत का? ही नसंल तर ती, ती नसंल तर ही?" मग काकूकडं वळून ती अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्यावर राग नाय माझा. तुम्ही लई जीव लावला पोरीला. पण माझ्याच्यानं व्हायचं नाय. एकबी नाय."

अण्णा म्हणाले, "मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिला," आई म्हणाली, "लेकरं मी दिली न्हाईत."

त्यानंतर कुणी मासे बघितले नाहीत, दादा सोडून. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो परत येऊन सांगायला लागला की पुढं एक मासा आहे तो वाळूत लपतो. परतीच्या प्रवासात अण्णा वैजापूरपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. नंतर वर्षभर ते आईशीही भिंतीकडं बघून बोलत. मग हळूहळू सरळ बोलायला लागले. काकू दर दिवाळीला दोन फ्रॉक पाठवायची, एका रंगाचे, आणि दोन्ही माझ्याच मापाचे. आई बारकीचा कडेनं उसवून सैल करायची आणि खालून दुमडायची. काकू मला त्यानंतर कधी एकटी भेटली नाही. ती गेली तेव्हा मला उशिरा कळलं. मी खूप रडले, आणि घरात कुणालाच कळेना की एका चुलतीसाठी इतकं काय रडायचं.

बारकी आणि मी यावर अजून भांडतो. ती म्हणते, "तुला निदान कुणी तरी मागितलं होतं. मला नुसतं देऊन टाकायचं होतं." मी म्हणते, "मला मागितलं ते चुकून." ती म्हणते, "चुकून का होईना, फ्रॉक तुझ्या मापाचा होता." मग आम्ही दोघी हसतो, पण ती थोडी कमी हसते. आईनं सारा रस्ता तुला मांडीवरून उतरू दिलं नाही, हे मी तिला अनेकदा सांगितलं आहे. ती म्हणते, "मला आठवत नाय." जिच्यासाठी आईचं एवढं काळीज तुटत होतं तिला ते आठवत नाही, आणि मला ते विसरता येत नाही. मी हो म्हटलं होतं, हे मात्र मी तिलाही सांगितलेलं नाही.

परवा नातीचं माशांचं खूळ सुरू झालं आणि मला राहवेना. संध्याकाळी आईकडं गेले. ती दादाकडं असते, माझ्या घरापासून चार गल्ल्या टाकून. कानानं अजून चांगलं ऐकते. ओसरीत खुर्ची टाकून बसली होती, हातपंख्यानं स्वतःला कमी आणि खाली बसलेल्या मांजराला जास्त वारा घालत. मी म्हटलं, "आई, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना, काकू मलाच बारकी समजतेय म्हणून? मग दोन दिवस गप्प का बसलीस?"

तिनं पंखा थांबवला. "काय सांगू बाई. बारकी वाचली असं वाटलं पहिल्यांदा. मग तुझ्याकडं बघितलं. मग काय बी कळंना. दोन दिवस नुसती तुमच्या दोघींकडं बघत व्हते." पंखा मांडीवर ठेवून म्हणाली, "वाटलं, तुला इचारतील, आन् तू नाय म्हणशील. तू मोठी व्हतीस. तुझ्यामुळं सुटंल सगळं."

साठीला आलेली बाई मी, मलाच नातवंडं, आणि आईसमोर नऊ वर्षांची होऊन बसले होते. मी म्हटलं, "आई, मी नाही म्हटलं नव्हतं."

"ठावं हाय," आई म्हणाली. "माघंच व्हते की मी. ऐकलं."

मांजर उठून गेलं. ती पुन्हा स्वतःला वारा घालायला लागली. एवढी वर्षं जे मी लपवून ठेवलं, ते तिला माहीत होतं. आणि माझ्या लग्नाच्या वेळचं एकदम आठवलं. पुण्याचं स्थळ आलं होतं, चांगलं, मला पसंत, आईनं मोडलं. नागपूरचं आलं, तेही मोडलं. अण्णा चिडले, भावकीत बोलणं झालं, मीही महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. शेवटी गावातल्या गावात, चार गल्ल्यांवर दिली. बारकीला मात्र दोन वर्षांनी त्याच नागपूरला दिली, हसत हसत. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्यावर तिचा विश्वास नाही.

मी विचारलं, "म्हणून मला लांब दिली नाहीस?"

"बारकी रडून परत तरी आली असती," आई म्हणाली. "तू न्हाई. तू ऱ्हायली असतीस."